उपचार संपल्यावर उरणारी दुखणी

माननीय संपादक महोदय,

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आणि लस यांविषयी आता वृत्तपत्रांतून बरेच लिहून येते, आणि ते हवेच. परंतु या रोगातून, किंवा गर्भाशय व अंडाशयाच्या कर्करोगातून वाचलेल्या स्त्रियांचे पुढे काय होते, हे सहसा कुणी विचारीत नाही. ज्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, तेथे तरी हा प्रश्न विचारला जावा.

ओटीपोटावर किरणोपचार (बायकांच्या भाषेत ‘लाईट’) घेतल्यानंतर योनिमार्ग आक्रसतो, लघवी-शौचावाटे रक्त जाण्याचा त्रास काहींना कित्येक महिन्यांनी सुरू होतो, आणि चाळिशीच्या आतच पाळी थांबलेल्यांची हाडे लवकर ठिसूळ होतात. असे रक्त रोग परतल्यामुळे जाते की किरणांच्या परिणामामुळे, हे तपासणीशिवाय कळत नाही, तरी ते अंगावर काढले जाते. शस्त्रक्रियेत लसिका ग्रंथी (अंगातला पाझर गाळणाऱ्या लहान गाठी) काढल्या असतील तर पाय सुजून जड होतो. दिवसभर मांडी घालून, पुढ्यात सूप घेऊन बसणाऱ्या विडी कामगार स्त्रीला तो पाय दुमडता येत नाही. केमोथेरपीच्या काही औषधांनी बोटांची टोके बधिर झाली तर पान वळून दोरा बांधणेही जमत नाही, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्यामुळे हात मंदावला की पैसे बुडतात. घरचे म्हणतात, ‘रोग तर गेला ना?’ मग ती गप्प बसते.

सर्वांत अवघड गोष्ट पतिपत्नींच्या संबंधांची. योनिमार्ग मोकळा राहावा म्हणून डायलेटर (आत घालायची गुळगुळीत नळी) नियमित वापरावा लागतो; परंतु पडद्यापलीकडे दुसरी रुग्ण उभी असताना हे सांगायला कोणाचीच जीभ रेटत नाही, असे मी परिचारिका म्हणून नोकरी करताना पाहिले आहे. कर्करोग संबंधांतून लागत नाही, एवढे नवऱ्याला समोर बसवून सांगितले तरी पुष्कळ घरांतला अबोला सुटेल.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रिया व किरणोपचारांचा भार हलका झाला, हे मान्यच आहे. आता जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांत आठवड्यातून एक दुपार केवळ या स्त्रियांसाठी राखून ठेवावी. तेथे स्त्री डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि मराठीबरोबरच तेलुगू व कन्नड बोलणारी समुपदेशक असावी, कारण सोलापूर शहराच्या पूर्व भागातील अनेकजणी असली गोष्ट मातृभाषेतच बोलू शकतात. पायाच्या सुजेसाठीचे दाबाचे मोजे आणि डायलेटर तेथेच मोफत मिळावेत, आणि नवऱ्यालाही त्याच दुपारी बोलावण्यात यावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर