अपंगत्वाचा टक्का म्हणजे कमाईतील घट नव्हे

मा. संपादक,

कोपरखैरण्यात आमच्या शेजारी राहणारा, तुर्भ्याच्या बाजार समितीत गोण्या वाहणारा माथाडी कामगार चौतिसाव्या वर्षी शीव-पनवेल महामार्गावर ट्रकच्या धडकेत जखमी झाला. शस्त्रक्रियेत पायात सळई बसवली. तो चालतो, पण जिना उतरताना कठडा सोडत नाही. त्याच्या प्रमाणपत्रात पायाचे कायमचे अपंगत्व ४५ टक्के आहे. विमा कंपनीच्या वकिलांनी ते संपूर्ण शरीराच्या हिशेबात १५ टक्क्यांवर आणले आणि त्यावरच लोकअदालतीतील तडजोडीचा आकडा बेतला.

अपघातापूर्वी त्याची कमाई महिना २० हजार रुपये होती. ३१ ते ३५ या वयोगटासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात १६ हा गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणून भरपाई काढतात तो आकडा) ठरवला आहे. भविष्यातील वाढ बाजूला ठेवली, तरी पूर्ण कमाईचा हिशेब ३८ लाख ४० हजार होतो आणि १५ टक्के धरले की ५ लाख ७६ हजार उरतात. पाठीवर पन्नास किलोची गोणी घेऊन दोन पावलेही टाकता न येणाऱ्या माणसाची कमाई १५ टक्क्यांनीच घटली, असे बाजारातला एकही मुकादम म्हणणार नाही.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच घोळ निस्तरला आहे. शारीरिक अपंगत्व किती, हे डॉक्टरांनी सांगावे. कमाईची क्षमता किती घटली, हे मात्र अपघात भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने अर्जदाराचा, म्हणजे भरपाई मागणाऱ्या जखमीचा, व्यवसाय, वय आणि आता त्याला जमणारे काम पाहून ठरवावे, असे तो निकाल सांगतो. डावा हात गमावलेल्या सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, सरकारी कारकुनाची तशी बुडेलच असे नाही, हे उदाहरणही त्यातलेच.

अर्थात, त्यासाठी पुरावा लागतो. शेजाऱ्याच्या फायलीत औषधांची बिले जाडजूड होती, टोळीच्या हजेरीचा किंवा मजुरीचा कागद मात्र एकही नव्हता. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर साक्षीला येत नाहीत, ही अडचण खरी आहे. परंतु कोर्ट कमिशनरने रुग्णालयात जाऊन साक्ष नोंदवावी, हा मार्ग त्याच निकालाने दाखवला आहे.

लोकअदालतीला माझा विरोध नाही. तारखांच्या फेऱ्यांत दमलेल्या माणसाला तिचाच आधार वाटतो. पण तिच्या निवाड्यावर अपील नसते. म्हणूनच तडजोड नोंदवण्यापूर्वी अर्जदाराचे अपघाताआधीचे आणि आताचे काम त्यालाच विचारून निवाड्यात लिहिले जावे, अशी विनंती आहे. आमच्या शेजाऱ्याने तूर्त सही केलेली नाही.

— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई