आवळलेली मूठ सोडवताना

सदाशिव पेठ, पुणे

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारतोस, मी सांगते आणि निम्मं राहून जातं. म्हणून लिहून पाठवतेय. कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेव.

नसलेल्या उजव्या हाताची मूठ आवळते, नखं तळव्यात रुततात, असं म्हणतोस ना, ते मनाचे खेळ नव्हेत. हात गेला तरी मेंदूतला हाताचा नकाशा शाबूत असतो. तिथून मूठ उघडायचा हुकूम जातो, पण उघडल्याची खबर परत येत नाही. या नकाशात हाताला लागूनच चेहऱ्याची जागा आहे. त्यामुळे दाढी करताना ब्लेड गालावरून फिरलं आणि नसलेल्या अंगठ्याला स्पर्श जाणवला, तर दचकू नकोस. काहींना असं होतं.

मेंदूला ती खबर डोळ्यांवाटे द्यायची, ही युक्ती मेंदूतज्ज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात काढली. त्यासाठी दीड फूट बाय दोन फूट आरसा पुरे. काचेचाच घे आणि कडा घासून घे. अॅक्रिलिकचा वाकतो, त्यात बोटं वाकडी दिसतात आणि सगळाच खेळ फसतो. आरसा छातीच्या मध्यावर, टेबलावर उभा करायचा, चकचकीत बाजू डावीकडे. स्टंप, म्हणजे उजव्या हाताचा उरलेला भाग, आरशामागे. घड्याळ, अंगठी, मनगटावरचा दोरा आधी काढ, नाहीतर तो हात आपला वाटत नाही. मग मान किंचित डावीकडे झुकवून आरशातल्या हाताकडे पाहत राहा, खऱ्या डाव्या हाताकडे नाही. दोन मिनिटं नुसतं पाहायचं. नंतर डावी मूठ अगदी सावकाश उघडायची आणि त्याच वेळी नसलेली उजवीही मनाने उघडायची. पुढे एकेक बोट, मग मनगट, शेवटी तळवा वर-खाली. दहा ते पंधरा मिनिटं, रोज, निदान चार आठवडे. आधी आणि नंतर दुखणं शून्य ते दहात किती, ते वहीत टाक. दोन दिवसांत निकाल मागू नकोस.

बहुतेकांचं घाईने बिघडतं. भराभर मूठ उघडझाप केली की कळ उलट वाढते. गरगरलं, मळमळलं, घाम फुटला तर आरसा बाजूला ठेव आणि आठवडाभर मागच्या पायरीवर जा: मोबाईलवर हातांचे फोटो बघून डावा की उजवा ते ओळखायचं, मग डोळे मिटून हालचाल नुसती कल्पायची. आरशाचा उपयोग सगळ्यांना होतोच असं नाही, हेही आधीच सांगते.

स्टंपचं काम मात्र चुकवू नकोस. क्रेप बँडेज ४ इंची, आठाच्या आकड्यासारखं तिरपं, टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल, कोपराच्या वरपर्यंत. गोल गोल वेढे दिलेस तर वर फास बसतो, टोक फुगतं आणि पुढे कृत्रिम हाताचं सॉकेट, म्हणजे स्टंपवर बसणारी खोबण, बसत नाही. चार-पाच तासांनी सोडून पुन्हा बांध. क्लिपा टोचतात, चिकटपट्टी लाव. एका हाताने जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून श्रिंकर, म्हणजे स्टंपवर घालायचा घट्ट लवचिक मोजा घे, तो नुसता ओढून चढवता येतो. जखम पूर्ण भरली आहे, तेव्हा व्रणावर अंगठ्याने छोटी वर्तुळं कर, कातडी हाडाला चिकटता कामा नये. मग कापूस, सुती पंचा, टॉवेल अशा चढत्या खरखरीने पाच-पाच मिनिटं घासायचं, दिवसातून तीन-चारदा. टिचकी मारताना एकाच ठिकाणी विजेचा झटका बसत असेल तर तो न्यूरोमा, म्हणजे कापलेल्या नसेच्या टोकाची गाठ, असू शकतो. तिथे रगडत बसू नकोस, सर्जनला दाखव. लाली, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा.

नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेन्टिन गोळीने झोप येते म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नकोस. कमी करायची ती डॉक्टरांच्या सांगण्याने, टप्प्याटप्प्याने. साध्या पॅरासिटॅमॉलने या दुखण्याला फारसा फरक पडत नाही, उगाच गोळ्या रिचवू नकोस. जागरण आणि ताण यांनी मात्र ठणका हमखास वाढतो.

कृत्रिम हाताचं म्हणशील तर पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, म्हणजे या शहराला हे काम नवं नाही. इतर ठिकाणीही चौकशी करते आहे. मायोइलेक्ट्रिक हात स्नायूंच्या इशाऱ्यावर चालतो, म्हणून आरशासमोर स्टंपचे स्नायूही आखडून-सोडून बघ. ती तयारी पुढे कामाला येईल.

ताटाखाली ओला रुमाल ठेवलास की ताट सरकत नाही. आणि रविवारी येशील तेव्हा ऑफिसचे शर्ट घेऊन ये. काजांच्या आतून वेल्क्रो लावून बटणं वरून तशीच शिवून देते.

तुझी,
आई