ऑकलंडहून वेसाव्याला

तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, थंडी सोसवते. आई, काळजी करू नकोस.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, बी.कॉम. होऊन माओरींच्या शाळेत वह्या कसल्या लिहितोस? नोकरी पक्की आहे. पगाराचा पैसा सरकारचा, कारभार मात्र आईबाप आणि आजी-आजोबांच्या हातात. अशी पहिली शाळा लोकांनी इथे ऑकलंडातच १९८५ साली काढली, कायद्याने मान्यता १९८९ ला मिळाली. शिकवणं सगळं माओरीत, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या भाषेत. हिशेब मी मांडतो, पण खर्च बैठकीत ठरतो आणि एखादी आजी नाराज असली तर विषय पुढच्या बैठकीला जातो. मागे संगणक घ्यायचे की होडी दुरुस्त करायची, यावर रात्री उशिरापर्यंत बसलो. होडीच ठरली.

इथली एक रीत नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला चमत्कारिक वाटेल. नव्या माणसाने उभं राहून आधी आपला डोंगर सांगायचा, मग नदी, मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग आपली माणसं. स्वतःचं नाव शेवटी. नुसतं नाव सांगून खाली बसलेल्या माणसाला ते ओळख झाली असं मानतच नाहीत. मी गिल्बर्ट टेकडी सांगितली, वरची गावदेवीही. नदीच्या जागी आपली खाडी, आणि होडी म्हणून आपली 'आई एकवीरा'. एका आजोबांनी विचारलं, ती अजून दर्यात जाते का? जाते म्हटलं. कोण नेतं, ते त्यांनी विचारलं नाही.

पोरं चंद्राच्या एकेका रात्रीचं नाव शिकतात. वद्य पक्षातल्या तांगारोआ नावाच्या रात्री मासेमारीला चांगल्या, हे लहान पोरगीही सांगते. तुमचं उधाण-भांगाचं, मोठ्या-लहान भरतीचं गणित आमच्यापैकी कुणीच उतरवून घेतलं नाही, बाबा. कुठल्या तिथीला कुठे जाळं टाकायचं, ते धनूच्या फोनवर बोलून ठेवा. रोज थोडं थोडं.

इंजिनाचा हप्ता पाठवलाय. धनूच्या हळदीचा खर्च माझ्याकडे, मांडवात काटकसर नको. सुपारीला येणं जमत नाही, लग्नाला नक्की येतो. माझ्या स्थळांचं मावशीला एवढ्यात थांबायला सांग, आई. इथे कुणी नाही, शपथ.

बोट विकायचं बोलणं चाललंय असं धनूकडून कळलं. बाबा, मी येईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका.

तुमचा,
बाळू