लुकाला देऊन टाकल्यावर डॅलसचे लोक चिडले ते बरोबरच होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात क्रीडा पानावर एक टिपण वाचलं, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्सने खेळाडू घ्यायचे-द्यायचे ठरवणाऱ्या जनरल मॅनेजर निको हॅरिसनला काढलं त्याबद्दलचं. त्यात लिहिलं होतं की प्रेक्षकांच्या झुंडीने एका माणसाची नोकरी घालवली आणि चाहत्यांनी खेळाडूंच्या देवाणघेवाणीत एवढं भावनिक व्हायचं कारण नाही. मी बरीच वर्षं डॅलसजवळ प्लेनोमध्ये राहते, ही टीम आमच्या घरात रोजच्या बोलण्यातली आहे, त्यामुळे ते वाचून गप्प बसवलं नाही. झुंड वगैरे काही नव्हती इथे. लोकांना जे समजलं ते ऑफिसात बसलेल्या माणसांना समजलं नाही, एवढंच झालं आणि ते नीट सांगायला पाहिजे म्हणून हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १ फेब्रुवारी २०२५, शनिवारची रात्र, इथे अकरा वाजून गेले होते (म्हणजे तुमच्याकडे रविवारची सकाळ) आणि बातमी आली की आमचा सगळ्यात मोठा स्टार लुका डॉन्चिच याला लॉस एंजेलिसच्या लेकर्सला देऊन टाकलं. बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एक फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेताना, पहिल्या फेरीत एक खेळाडू निवडायचा हक्क). लुकाबरोबर मॅक्सी क्लेबर आणि मार्कीफ मॉरिस पण गेले, युटाची टीम मध्ये तिसरी होती. ज्या पत्रकाराने बातमी दिली त्याचं अकाउंट हॅक झालंय असंच सगळ्यांना वाटलं, शेवटी त्याला वेगळं लिहावं लागलं की हो, हे खरं आहे. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दोन वाजेपर्यंत लोक एकमेकांना विचारत होते की कोणी कन्फर्म केलंय का. बारा-तेरा वर्षांची मुलं रडली हो त्या रात्री, इथल्या आपल्या मराठी घरांतली सुद्धा, कारण लुकाची ७७ नंबरची जर्सी नाही असं घर शोधावं लागेल.

आता ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) होत नाहीत का, होतात की, आणि भल्याभल्यांचे होतात. करीम अब्दुल-जब्बार १९७५ मध्ये मिलवॉकी सोडून लेकर्सकडे गेला, शकील ओनील २००४ मध्ये लेकर्स सोडून मायामीला गेला, जेम्स हार्डन, केव्हिन डुरँट, ही सगळी मोठी नावं. पण यातल्या प्रत्येकाने स्वतः मागितलं होतं की मला इथून जायचंय. लुकाने मागितलं नव्हतं, त्याला माहीतच नव्हतं! वय २५, लागोपाठ ५ वर्षं ऑल-एनबीए फर्स्ट टीममध्ये (सीझनच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत), आदल्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त सरासरीने पॉइंट्स, ३३.९, अटलांटाविरुद्ध एका मॅचमध्ये ७३, आणि जून २०२४ मध्ये टीमला फायनलपर्यंत घेऊन गेला होता. बॉस्टनने ४-१ ने हरवलं हे खरं, पण फायनलला पोचून आठ महिने नाही झाले तोवर त्याच माणसाला बाहेर काढायचं, आणि तेसुद्धा तो पोटरीच्या दुखापतीने ख्रिसमसपासून बाहेर बसलेला असताना. कोच जेसन किडला सुद्धा शेवटच्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

काही लोक म्हणतात की मग त्याने करारात नो-ट्रेड क्लॉज (माझ्या संमतीशिवाय दुसऱ्या टीमला द्यायचं नाही अशी अट) का घातला नाही. कारण घालताच येत नाही. लीगमध्ये ८ वर्षं आणि त्यातली ४ त्याच टीममध्ये काढल्याशिवाय तशी अट मागायची सोयच नाही आणि लुकाचा तो ७ वा सीझन होता. उलट त्याचं पैशांचं नुकसान झालं ते वेगळंच, डॅलसमध्ये राहिला असता तर त्या उन्हाळ्यात ५ वर्षांचा ३४.५ कोटी डॉलरचा करार करायला तो पात्र झाला असता, टीम बदलल्यामुळे ती पात्रता गेली. ऑगस्टमध्ये त्याने लेकर्सबरोबर ३ वर्षांचा १६.५ कोटींचा करार केला. कोणी म्हणेल की एवढे कोट्यवधी मिळतात मग काय बिघडलं, पण मुद्दा तो नाही, मुद्दा हा की या सगळ्यात त्याच्या हातात काहीच नव्हतं.

आणि मिळालं काय? डेव्हिस चांगला प्लेअर आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, पण तो तेव्हा ३१ चा होता आणि दुखापतींचा इतिहास सगळ्यांना माहीत होता. वर पिक फक्त एक. २०२४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सने मिकाल ब्रिजेससाठी ५ फर्स्ट राउंड पिक दिले होते, जो एकदाही ऑलस्टार झालेला नाही! म्हणजे बाजारात नुसतं सांगितलं असतं की लुका उपलब्ध आहे तर अर्धी लीग रांगेत उभी राहिली असती. पण हॅरिसन आणि लेकर्सचा जनरल मॅनेजर रॉब पेलिंका, दोघांची जुनी ओळख, कॉफीवर बोलणं सुरू झालं आणि बाहेर कोणाला कळू द्यायचं नाही असं ठरलं. मला खरा राग या लपवाछपवीचा आहे, आणि इथल्या बहुतेकांना त्याचाच आहे. कळलं असतं तर लोकांनी आधीच आरडाओरडा केला असता म्हणून सांगितलं नाही, मग लोकांनी तो नंतर केला, यात नवल काय?

हॅरिसनची बाजू पण सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. त्याचं म्हणणं होतं की डिफेन्सने चॅम्पियनशिप जिंकतात. लुका डिफेन्समध्ये कच्चा आहे, वजनाकडे लक्ष देत नाही, फिटनेस बरोबर नाही, असं क्लबमधून बाहेर सांगितलं गेलं. यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही, मॅच बघणाऱ्याला दिसायचं की तो परत धावत येत नाही आणि रेफरीशी वाद घालत उभा राहतो. आमच्या घरी पण त्यावर बोलणी खायचा तो. पण त्या सगळ्यासकट तो टीमला फायनलला घेऊन गेला होता ना! आणि गेल्या गेल्या त्याच्याबद्दल हे सगळं पसरवायचं, हे मला अजिबात पटलं नाही.

पुढे जे झालं ते तर कोणाच्या शत्रूवर येऊ नये. ८ फेब्रुवारीला डेव्हिस पहिल्यांदा डॅलसकडून खेळला, २६ पॉइंट्स, १६ रिबाउंड्स, सुंदर खेळला, आणि त्याच मॅचमध्ये मांडीचा स्नायू दुखावून बाहेर गेला. ३ मार्चला टीमचा दुसरा स्टार कायरी अर्विंगच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. टीम ३९-४३ वर (३९ जिंकल्या, ४३ हरल्या) संपली आणि प्ले-इनमध्ये (प्लेऑफमध्ये जायची शेवटची संधी) मेम्फिसकडून हरून घरी बसली. याच दरम्यान सीझन तिकिटांचे दर सरासरी ८ टक्क्यांहून जास्त वाढवले, लोकांच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखं. मग मे महिन्यात ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीमध्ये फक्त १.८ टक्के शक्यता असताना पहिला पिक लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला. तो मुलगा गुणी आहे, मला आवडतो, पण हे नशीब झालं, याला हॅरिसनचं प्लॅनिंग कसं म्हणायचं?

आता लोकांबद्दल, कारण आपल्या टिपणात सगळ्यात जास्त चूक तिथेच आहे. डॅलसचे लोक का एवढे चिडले हे कळायला डर्क नोवित्स्की माहीत पाहिजे. जर्मनीहून आलेला पोरगा, २१ सीझन एकाच टीमकडून खेळला, २०११ मध्ये लेब्रॉनच्या मायामीला हरवून डॅलसला एकमेव चॅम्पियनशिप मिळवून दिली. २०१४ मध्ये त्याला लेकर्स आणि ह्यूस्टनकडून जवळजवळ चौपट पैसे मिळत होते, पण तो ३ वर्षांसाठी २.५ कोटी डॉलर घेऊन इथेच राहिला, टीमला दुसरे प्लेअर घेता यावेत म्हणून. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे आणि त्याच्या चौथऱ्यावर चक्क कोरलंय की निष्ठा कधी फिकी पडत नाही. ही टीम वीस वर्षं आम्हाला हेच शिकवत आली, पोस्टरवर हेच, भाषणात हेच. लुका १९ व्या वर्षी आला तेव्हा डर्क शेवटचा सीझन खेळत होता, दोघं एक वर्ष बरोबर होते, आणि सगळ्यांनी धरून चाललं होतं की आता पुढची वीस वर्षं हा. लुकानेसुद्धा तेच धरलं होतं, जाताना त्याने लिहिलं की माझं सगळं करिअर इथेच होईल असं मला वाटत होतं.

त्याच पुतळ्यासमोर दुसऱ्या दिवशी लोकांनी फुलं ठेवली, जर्सी ठेवल्या, एक शवपेटी आणून ठेवली. इतर शहरांतल्या लोकांनी याला नाटक म्हटलं. मला तसं वाटत नाही. लोकांकडे दुसरा काय मार्ग होता? मत द्यायचा अधिकार नाही, शेअर नाहीत. बरं, ज्या अमेरिकन एअरलाइन्स सेंटरमध्ये टीम खेळते ते बांधताना शहराने १२.५ कोटी डॉलर घातलेत, हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांवर कर लावून, १९९८ मध्ये मतदान घेऊन. म्हणजे पैसे पाहिजेत तेव्हा टीम शहराची असते, आणि निर्णय घ्यायची वेळ आली की टीम ही मालकाची खाजगी बाब होते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तेव्हाचा मालक मार्क क्यूबनने मोठा हिस्सा विकला तो लास व्हेगासच्या कॅसिनोवाल्या अ‍ॅडल्सन कुटुंबाला, त्यामुळे टीम व्हेगासला न्यायची आहे म्हणून हे केलं अशी पण हवा होती. मला ते खरं वाटत नाही, पण काही सांगितलंच नाही की लोक काहीही जोडत बसतात.

१० फेब्रुवारीला सॅक्रॅमेंटो किंग्जबरोबर मॅच होती (आपले मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे यांची टीम), तेव्हा मोठ्या स्क्रीनवर कॅमेरा आला आणि एका प्रेक्षकाने हॅरिसनला काढा असे नुसते ओठ हलवले तर त्याला बाहेर काढलं. त्यानंतर ती घोषणा थांबेल असं कोणाला वाटलं असेल तर कमाल आहे. ती मग सगळीकडे सुरू झाली, दुसऱ्या शहरांत, इतर खेळांच्या मॅचमध्ये सुद्धा.

मग ९ एप्रिल. लुका लेकर्सच्या जर्सीत परत आला. मॅचआधी त्याच्यावरचा व्हिडिओ दाखवला, तो बेंचवर बसून टॉवेलने डोळे पुसत होता, सगळ्या खुर्च्यांवर त्याच्या मातृभाषेत आभार लिहिलेले टीशर्ट ठेवले होते, आणि नंतर त्याने ४५ पॉइंट्स टाकून डॅलसला हरवलं आणि डॅलसचं पब्लिक प्रत्येक बास्केटला उभं राहून टाळ्या वाजवत होतं. झुंड अशी वागते का हो?

इथे मला हार्दिक पांड्याची आठवण येते, कारण ट्रेड म्हणजे काय हे आपल्याकडे लोकांना तेव्हा कळलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातकडून मुंबई इंडियन्सने त्याला आणलं, रोहितची कॅप्टन्सी काढून याला दिली, आणि २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर लोकांनी त्याची हुर्यो उडवली, टॉसच्या वेळी संजय मांजरेकरांना सांगावं लागलं की नीट वागा. निर्णय कोणी घेतला आणि शिव्या कोणी खाल्ल्या? निर्णय घेणारे वर बॉक्समध्ये बसले होते आणि मैदानात एकटा हार्दिक होता. नंतर टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकून आल्यावर त्याच वानखेडेवर त्याचा जयजयकार झाला ते चांगलंच झालं, पण मधले दोन महिने त्या माणसाने काय सोसलं असेल. डॅलसमध्ये डेव्हिसला कोणी हुर्यो केली नाही, क्रिस्टीला केली नाही. लोकांनी नेमकं ज्याने ठरवलं त्याच्याकडेच बोट दाखवलं. मला याचा अभिमान वाटतो, आणि आपल्या प्रेक्षकांनी यातून घ्यावं असं खूप आहे.

एक गोष्ट मलाही खटकली, १० नोव्हेंबर २०२५ ला मिलवॉकीविरुद्ध आपलाच प्लेअर फ्री थ्रो टाकायला उभा असताना लोक घोषणा देत होते. ते नको होतं, त्या मुलांचा काय दोष. दुसऱ्या दिवशी, ११ नोव्हेंबरला, टीम ३-८ वर असताना हॅरिसनला काढलं. आपल्या टिपणात म्हटलंय की घोषणांमुळे काढलं. घोषणा तर फेब्रुवारीपासून चालू होत्या, नऊ महिने कोणी हललं नाही, टीम हरायला लागली तेव्हा काढलं.

एप्रिलमध्ये हॅरिसन स्वतः म्हणाला होता की लुका चाहत्यांसाठी महत्त्वाचा आहे हे मला माहीत होतं, पण किती ते नीटसं माहीत नव्हतं. जनरल मॅनेजर होता हो तो, त्याच इमारतीत रोज जायचा, ७७ नंबर घातलेली हजारो पोरं त्याच्या समोरून जायची. हे वाक्य मी वाचलं तेव्हा खूप वाईट वाटलं. इथल्या भारतीयांचं तर या टीमशी जुनं नातं आहे, २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला ५२ व्या नंबरवर याच मॅव्हरिक्सने घेतलं होतं, भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्ट झालेला प्लेअर, आणि त्यांच्या छोट्या टीमकडून तो इथे शेजारी फ्रिस्कोमध्ये खेळायचा. ज्यांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं ती आपली माणसं तेव्हापासून मॅच बघायला लागली.

म्हणून विनंती एवढीच की आपल्या वाचकांना अर्धी गोष्ट सांगू नका. हॅरिसन एकटा एवढा मोठा ट्रेड करूच शकत नाही, त्यावर सही मालकांच्या वतीने टीम चालवणाऱ्या पॅट्रिक ड्युमाँटची आहे. हॅरिसन गेला म्हणून सगळे खूश आहेत, मी नाही. ड्युमाँटने एकदा कॅमेऱ्यासमोर बसून सांगावं की त्या जानेवारीत त्याला काय सांगण्यात आलं आणि त्याने हो का म्हटलं. ते सांगेपर्यंत आमच्या घरातून सीझन तिकिटाचे पैसे जाणार नाहीत, हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

आपली नियमित वाचक,
प्लेनो, टेक्सास