मासे तगले म्हणजे पाणी निर्धोक नव्हे

संपादक महोदय,

कारखान्यांच्या सांडपाण्याची आपल्याकडची जैवचाचणी अशी: निव्वळ सांडपाण्यात मासे सोडायचे, ९६ तासांनी ९० टक्के जिवंत असले की पाणी पास. दाभोळच्या खाडीकाठी राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार अपुरे वाटते. वाढलेला मासा जे सोसतो ते अंड्यातल्या पिलाला सोसेलच असे नाही. अवयव घडण्याचे दिवस मोजके. त्यात रसायनाने ढवळाढवळ केली तर पिलू जगेलही, पण वाकड्या कण्याचे. गर्भवतींना मळमळीवर दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाने हे माणसांत दाखवले. मोठ्यांना निरुपद्रवी वाटलेल्या त्या गोळीमुळे हजारो बाळे अपुऱ्या हातापायांची जन्मली, तेव्हा कुठे १९६१ मध्ये ती बाजारातून हटली. बोटींच्या तळाच्या रंगातील ट्रायब्युटिल टिन या रसायनामुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांत नराचे अवयव वाढले.

झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातला मासा. त्याचे अंडे पारदर्शक असते. सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्याच दिवशी हृदय धडधडताना दिसते, म्हणून बिघाड कुठे आणि केव्हा सुरू झाला ते कळते. प्रदूषण नियंत्रण मंडळाने रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाला सोबत घेऊन खाड्यांत येणाऱ्या सांडपाण्याची अशी भ्रूणचाचणी सक्तीची करावी आणि निकाल काठावरच्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावेत.

– एक वाचक, दाभोळ