गिगाहर्ट्झवर निविदा काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा, पतसंस्था किंवा ग्रामपंचायतीसाठी संगणक घ्यायचे ठरले की निविदेत ‘प्रोसेसर किमान २.५ गिगाहर्ट्झ’ अशी अट अनेकदा दिसते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशांच्या दिवसांत कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीत लॅपटॉप बघणारे पालकही आधी हाच आकडा विचारतात. या अटीने चांगले यंत्र बाद होते आणि कमकुवत पात्र ठरते.

एएमडी कंपनीच्या रायझन ५ मालिकेतले दोन प्रोसेसर घ्या. ७५२०यूचा मूळ वेग २.८ गिगाहर्ट्झ, ७५३०यूचा २.०. वरची अट लावली की दुसरा बाहेर. प्रत्यक्षात पहिल्यात ४ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), ४ एमबी एल-३ कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, जलद मेमरी) आणि २०१९ ची झेन-२ रचना आहे. दुसऱ्यात ६ कोअर, १६ एमबी कॅश आणि नंतरची झेन-३. खोक्यावरच्या स्टिकरवर मात्र दोन्हीकडे ‘रायझन ५’च. या ७००० मालिकेत रचना कळते ती मॉडेल नंबरातल्या तिसऱ्या आकड्यावरून. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. आठ जीबी घेतली की ती कायमची आठच.

गिगाहर्ट्झ सांगतो सेकंदाला ठोके किती. एका ठोक्यात किती सूचना पुऱ्या होतात, ते रचनेवर ठरते. उद्यमनगरातल्या कोणत्याही टर्नरला विचारा, नुसता आरपीएम चढवून जॉब लवकर उतरत नाही. फीड किती आणि कट किती खोल, हेही बघावे लागते. पेंटियम ४ मध्ये इंटेलने वेगासाठी पाइपलाइन (सूचना टप्प्याटप्प्याने पुऱ्या करणारी साखळी) ३१ टप्प्यांपर्यंत लांबवली. प्रोग्राम पुढे कोणत्या फांदीला जाणार याचा अंदाज चुकला की तेवढ्या टप्प्यांतले अर्धवट काम टाकून द्यावे लागे. २००४ मध्ये तो ३.८ गिगाहर्ट्झवर अडला, ४ चा बेत रद्द झाला. २००६ चा २.४ गिगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ त्याला सहज मागे टाकत होता.

दुसरे कारण रॅम. कॅशमध्ये नसलेली माहिती रॅममधून यायला साधारण ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. ४ गिगाहर्ट्झवर एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा, म्हणजे तीन-चारशे ठोके वाट बघण्यात जातात. वेग वाढवला तर वाया जाणारे ठोके वाढतात, थांबण्याचा वेळ तेवढाच राहतो. म्हणून मोठी कॅश महत्त्वाची. रॅमच्या दोन पट्ट्यांनी (ड्युअल चॅनल) हा थांबा कमी होत नाही, पण एका वेळी जास्त माहिती येते, म्हणून त्याही हव्यात.

जाहिरातीतला ‘अपटू ४.५’ हा कमाल वेग, तोही एक-दोन कोअरवर आणि थोडा वेळ. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावे लागते आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढते. पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर बहुधा १५ वॉटचा, त्यामुळे लांबलचक कामात तो खाली येतोच. दुकानातच तपासा: चार्जर लावून सिनेबेंच (प्रोसेसरला काम देऊन गुण देणारा चाचणी-प्रोग्राम) दहा मिनिटे चालवा, टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूसमोरचा ‘स्पीड’ बघत राहा. सुरुवातीला थोडा उतरून तो स्थिर राहिला तर ठीक. मूळ वेगाच्याही बराच खाली गेला तर कूलिंग तोकडे आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत जुन्या संगणकांबाबत असे झाले तर पहिला संशय पंख्यात बसलेल्या धुळीवर आणि वाळलेल्या थर्मल पेस्टवर (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) घ्यावा.

काम कोणते, तेही बघा. कॅडमध्ये (संगणकावर यंत्रभागांचे आराखडे काढणे) मॉडेल रीबिल्ड करणे बरेचसे एकाच कोअरवर चालते, तिथे सिंगल-कोअर गुण बघावेत. रेंडरिंगला (मॉडेलचे खरे वाटणारे चित्र तयार करणे) सगळे कोअर लागतात. हिशेबाच्या संगणकात हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी (चिपवरची जलद साठवण) बसवा, प्रोसेसर नंतर.

निविदेत गिगाहर्ट्झऐवजी प्रोसेसरची पिढी, कोअर, कॅश, रॅमच्या पट्ट्या, एसएसडी आणि दहा मिनिटांच्या चाचणीतले किमान सिंगल व मल्टी-कोअर गुण लिहावेत. माल उतरवून घेताना तीच चाचणी निवडक यंत्रांवर पुन्हा करावी. आपणही लॅपटॉपच्या जाहिराती घेताना प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर छापण्याचा आग्रह धरावा, ही विनंती.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर