मुक्त सॉफ्टवेअरच्या गटांनी चाव्यांची यादी आधी करावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. शाळांतले बरेच जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी भागात त्यांवर लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली बसवून देणाऱ्या स्वयंसेवकांची गरज वाढणार, हे उघड आहे. परवान्याला पैसे पडत नाहीत आणि इन्स्क्रिप्ट कळफलकाची मांडणी एकदा हाताला बसली की त्याच कळांनी मराठीही टंकता येते आणि कन्नडही. सीमाभागातल्या शाळांना याहून सोयीचे काही नाही. असे स्वयंसेवी गट तांत्रिक अडचणीने क्वचितच मोडतात. निर्णय कुणी घ्यायचा, यावरून मात्र हटकून मोडतात. म्हणून हे पत्र.

वाद पेटला की ज्याच्या हाती पासवर्ड, त्याच्या हाती कारभार. मुक्त परवान्यामुळे कोड कुणालाही घेऊन जाता येतो. नाव आणि डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) नेता येत नाही. ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरचे स्वयंसेवक २०१० मध्ये ओरॅकल कंपनीपासून वेगळे झाले, तेव्हा २८ सप्टेंबरला त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली. कोड त्यांच्याकडे होताच, पण नाव ओरॅकलचे होते, म्हणून लिबरऑफिस हे नवे नाव घ्यावे लागले. फ्रीनोड या संवादजाळ्याचा ताबा २०२१ मध्ये एका मालकाच्या हाती गेला, तेव्हा बहुतेक स्वयंसेवक चालकांनी राजीनामे दिले आणि १९ मे रोजी लिबेरा चॅट सुरू केले. पुढच्याच वर्षी कोड साठवण्यासाठीच्या गिटी या सॉफ्टवेअरचे डोमेन आणि नाममुद्रा एका कंपनीकडे गेल्याचे स्वयंसेवकांना नंतर कळले. त्या नाराजीतून फोर्जेजो ही वेगळी शाखा निघाली. तिन्ही ठिकाणी काम करणारी माणसे एकीकडे आणि लोकांना ठाऊक असलेले नाव दुसरीकडे, अशी फारकत झाली.

म्हणून गट कितीही लहान असो, पाच गोष्टी, म्हणजे गटाच्या चाव्या, कागदावर हव्यात: डोमेन कुणाच्या नावे आहे, सर्व्हरचा रूट (पूर्ण ताबा देणारा) पासवर्ड कुणाकडे आहे, रिपॉझिटरीचे (सॉफ्टवेअरच्या भांडाराचे) मालक कोण, पॅकेजवर (बसवायच्या सॉफ्टवेअरच्या संचावर) डिजिटल सही करणारी की कुणाकडे आणि पैसे कुठल्या खात्यात. प्रत्येकीपुढे किमान दोन नावे असावीत, आणि ती एकाच घरातली किंवा एकाच कॉलेजातली नसावीत. डोमेन गटाच्या स्वतंत्र ईमेलवर नोंदवावे. नूतनीकरणाची सूचना आणि ओटीपी संस्थापकाच्या खासगी मोबाईलवर जात असेल, तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि नंबर बदलला, तर मुदत संपून डोमेन हातचे जाऊ शकते. यात कुणाची वाईट बुद्धी असावी लागत नाही. टू-फॅक्टरचे (पासवर्डशिवाय दुसऱ्या तपासणीचे) रिकव्हरी कोड छापून, पाकिटात बंद करून दोन वेगळ्या जागी ठेवावेत. देणगी कुणाच्याही खासगी यूपीआयवर घेऊ नये.

सहीच्या कीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. तिची मुदत संपली आणि वाढीव मुदतीची प्रत शाळांच्या संगणकांवर पोचली नाही, तर ॲप्ट हा पॅकेजे बसवणारा प्रोग्राम त्या रिपॉझिटरीतून नवे काहीही घेत नाही. भांडण दोघांचे असते, सुरक्षा दुरुस्त्या मात्र सगळ्या शाळांच्या थांबतात. कीचा पासवर्ड पाच तुकड्यांत वाटून कोणत्याही तीन तुकड्यांनी तो परत जुळवता येतो. संगणकशास्त्रज्ञ शमीर यांची ही पद्धत १९७९ ची आहे आणि तिचे मोफत साधन डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स प्रकल्पाच्या भांडारात मिळते.

आता मतदानाचे. तीन प्रस्ताव आले आणि हात वर करून मोजले, की घोळ होतो. पंधरा सभासदांत पहिल्या प्रस्तावाला सहा, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला चार मते पडली तर पहिला निवडून येतो. मग उरलेल्या नऊ जणांना तो मुळीच नको असला तरी. पसंतीक्रम लिहून घेतला तर प्रस्तावांच्या जोड्या लावून मोजता येते. पहिल्या आणि तिसऱ्या प्रस्तावाच्या समर्थकांची दुसरी पसंती दुसऱ्या प्रस्तावाला असेल, तर तो पहिल्याला नऊ विरुद्ध सहा आणि तिसऱ्याला अकरा विरुद्ध चार असा हरवतो. डेबियन अशीच मोजणी करते, आणि ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्याय मतपत्रिकेवर कायम असतो.

डेबियनची घटना डिसेंबर १९९८ पासून लागू आहे. तिच्यातला गणसंख्येचा नियम आमच्या गटांनी जसाच्या तसा उचलावा असा आहे: सभासदसंख्येचे वर्गमूळ काढा, निम्मे करा, तिप्पट करा. चाळीस सभासद असतील तर साडेनऊच्या आसपास येते. म्हणजे ‘एकही नाही’च्या वर निदान दहा जणांनी ठेवलेला प्रस्तावच टिकतो. निम्म्या हजेरीची अट घातली, तर न येणारे लोकच ठराव पाडतात. प्रस्तावावर आधी साधारणपणे किमान दोन आठवडे चर्चा होते, तीही सहसा तीन आठवड्यांपुढे लांबवता येत नाही.

हे सगळे असूनही डेबियन दुभंगले. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिस्टमडी (संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारा प्रोग्राम) स्वीकारायचा की नाही या प्रश्नावर तांत्रिक समितीत चार-चार अशी समान मते पडली आणि निकाल अध्यक्षांच्या निर्णायक मतावर लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देवुआन ही प्रणाली डेबियनपासून वेगळी होत असल्याची घोषणा झाली आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याच विषयावर सर्व सभासदांना पुन्हा मतदान करावे लागले. इतका अटीतटीचा प्रश्न समितीने एका मतावर निकाली न काढता सरळ सभासदांपुढे न्यायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

मतदार कोण, हे मात्र वाद नसतानाच ठरवावे. गेल्या बारा महिन्यांत ज्याचे एक तरी काम स्वीकारले गेले तो मतदार, असा साधा नियम चालतो. नाहीतर मतदानाच्या आदल्या आठवड्यात पंधरा नवी नावे येतात. काम म्हणजे फक्त कोड नव्हे. भाषांतर करणारे आणि शाळेत जाऊन संगणक बसवणारेही मतदार हवेत. पॅकेज न करणाऱ्यांना पूर्ण सभासदत्व द्यायचे, हे डेबियनने २०१० मध्ये मतदानानेच ठरवले. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पाच जणांच्या समितीत एका मालकाकडे नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त बसू शकत नाहीत. तोच नियम आपल्याकडे कॉलेजांना आणि क्लासेसना लावावा. आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध असेल, त्याने त्या बैठकीत बसू नये.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे. गटात चंदगडचे लोक असतात, गोव्याचे असतात, पण कार्यालय बेळगावात असेल तर नोंदणी कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली होते. त्याला किमान सात सभासद लागतात. नियमावली मराठी आणि कन्नड दोन्हीत असावी, आणि फरक निघाल्यास कोणती प्रत प्रमाण मानायची हे तिच्यातच लिहावे. इतिवृत्त सात दिवसांत दोन्ही भाषांत सर्वांना मिळावे. गावोगावच्या पंच कमिट्यांना ठराव, सूचक, अनुमोदक, इतिवृत्त काही नवे नाही. संगणकाच्या गटांतच ते कमीपणाचे का वाटावे, हे कळत नाही.

शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) सदस्यांना विनंती आहे की, संगणकांवर लिनक्स घेण्याआधी त्या गटाकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: ॲडमिन पासवर्ड असणाऱ्या दोघांची नावे, अद्ययावतीकरण कोणत्या सर्व्हरवरून येते त्याचा पत्ता आणि गट फुटल्यास शाळेची जबाबदारी कुणाकडे राहील. शक्य असेल तिथे अद्ययावतीकरण थेट डेबियन किंवा उबुंटूच्या मूळ सर्व्हरवरून घ्यावे आणि गटाच्या रिपॉझिटरीतून अगदी लागेल तेवढीच पॅकेजे घ्यावीत. पासवर्डची एक प्रत शाळेच्या कपाटात, मुख्याध्यापकांच्या सहीने बंद केलेल्या पाकिटात राहू द्यावी.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव